निकोटीनचा च्युइंगम, २ मि.ग्रॅ.: एका खर्रावाल्याचा अभिप्राय

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा चवीपायी कापला, एक डबीतल्या माहितीपत्रकापायी. या गोळीचे ऑनलाइन अभिप्राय वाचले तर सगळे सिगारेटवाले, तेही बहुतेक शहरातले. ऑफिसात आणि प्रवासात कशी सोय होते ते लिहितात. आमच्या भागात सिगारेट ओढणारा शोधावा लागतो, खर्रा खाणारा शोधावा लागत नाही. म्हणून खर्रावाल्यांच्या बाजूनं हे लिहितो.

ब्रह्मपुरी तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. कॉलेजात लागलेला खर्रा पन्नाशीपर्यंत चालला, रोवणीच्या सीझनमध्ये तर मोजदाद नाही. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकून पानठेलेवाला खसाखसा घोटतो आणि पुडी बांधून हातात देतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदीही येऊन गेली, वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोलीत तर ती १९९३ पासून आहे. या सगळ्या काळात पानठेल्यांची घोटायची खसखस एक दिवस थांबल्याचं मला तरी आठवत नाही.

आता गोळी. ब्रँडचं नाव लिहीत नाही, दोन-तीन कंपन्यांची मिळते आणि मला फरक फक्त चवीत वाटला. मिंटची घ्या. फळांच्या चवीची आणली होती ती खोकल्याच्या औषधासारखी लागली, वर पोरांच्या हाती पडली तर ती चॉकलेट समजून खातील. २ मि.ग्रॅ.ची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. पण मिळण्याची बोंब आहे. आमच्या गावच्या मेडिकलवाल्यानं सरळ सांगितलं, "ते सिगरेटवाल्याईची गोळी हाय भाऊ, खर्र्याले नाई लागत." तालुक्याला जाऊन आणली. एका गोळीचा हिशेब दहा रुपयांच्या आसपास बसला. खर्र्याची पुडी त्याच्या तिप्पट, त्यामुळे महाग आहे ही तक्रार कोणी करू नये.

डबीवरची पद्धत नीट वाचा. हे मी धंद्याच्या अनुभवानं सांगतो. औषध चांगलं असतं, माणूस फवारणी चुकीची करतो आणि मग "कंपनी बोगस" म्हणत दुकानात भांडायला येतो. ही गोळी कचाकचा चघळायची नाही. हळू चावायची, जिभेला झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मधात दाबून ठेवायची. झणझण उतरली की पुन्हा चार चावे आणि जागा बदलायची. असं अर्धा तास. गालात दाबून ठेवण्याची विद्या आपल्याला शिकवावी लागत नाही, त्या बाबतीत आपण सिगारेटवाल्यांच्या पुढं आहोत. आपलं घोडं थुंकण्यात अडतं. निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जातं, त्यामुळे सवयीनं पिचकारी मारली की पैसे मातीत. आणि भराभर चावून लाळ गिळत गेलात तर उचक्या लागतात, पोटात जळजळ होते.

दुसरी गोष्ट चहाची. चहा, कॉफी, थंडं, लिंबूपाणी, ज्यानं तोंडात आंबटपणा येतो ते गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना चालत नाही, निकोटीन नीट शोषलंच जात नाही. कृषी केंद्रात दर तासाला कोणीतरी चहा सांगतो, आणि चहा झाला की खर्रा, हा आमच्याकडचा क्रम. तेव्हा "मी गोळी खाल्ली, काहीच झालं नाही" म्हणणाऱ्याला आधी विचारा, चहा केव्हा पेला होता?

आणि किक नाही. गोळीतल्या निकोटीनपैकी साधारण निम्मंच रक्तात पोचतं, तेही सावकाश. डोकं हलकं होणं, कानामागं गरम वाटणं यातलं काही होत नाही. फक्त जी चिडचिड चढत असते ती चढायची थांबते. ज्याला सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासातच पहिली पुडी लागते त्याला २ ची कमी पडते, त्यानं डॉक्टरांना ४ मि.ग्रॅ.चं विचारावं. कोर्स साधारण बारा आठवड्यांचा, हळूहळू कमी करत आणायचा.

गंमत अशी की ही गोळी जन्माला आली तंबाखू खाणाऱ्यांमुळेच. १९६७ च्या सुमारास स्वीडनमधल्या एका संशोधकानं औषध कंपनीतल्या ओव्हे फेर्नो या रसायनतज्ज्ञाला कळवलं की पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही म्हणून खलाशी तोंडात तंबाखू धरतात आणि त्यांचं भागतं. त्यावरून निकोटीन गमात बांधायची कल्पना निघाली, १९७८ मध्ये गोळी बाजारात आली. पुढं २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. म्हणजे मेडिकलवाला म्हणतो तसं आपलं-त्यांचं वेगळं नाही. मात्र खरं ते सांगतो: सिगारेट सोडणाऱ्यांवर या गोळीचा पुरावा भक्कम आहे, सुटण्याची शक्यता निम्म्यानं वाढते. तोंडात धरायच्या तंबाखूवर तेवढा भक्कम पुरावा नाही. तिथं बोलून-समजावून केलेल्या मदतीचा उपयोग जास्त दिसलेला आहे. हे वाचलं तेव्हा मला ते कागदावरचं वाटलं होतं. वापरल्यावर कळलं का ते.

एक कारण सुपारी. खर्र्यात नुसता तंबाखू नाही. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन स्वतःच सवय लावणारं आहे, आणि नुसत्या सुपारीलाही कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००४ मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. गोळीत निकोटीन आहे, सुपारी नाही. त्यामुळे तंबाखूची मागणी भागली तरी दातांना काहीतरी करकर पाहिजेच असतं. मी भाजलेले फुटाणे ठेवले. कोणी "साधी सुपारी चालते" म्हणून सांगेल, ऐकू नका.

मोठं कारण दुसरं आहे आणि माहितीपत्रकात त्याची एक ओळ नाही. एक तारा त्याचाच कापला.

सकाळच्या पुडीवर गोळीनं काम केलं. पोट साफ होत नाही, डोकं जड, हाताला काम सुचत नाही, हे सगळं आठवडाभरात आटोक्यात आलं. ही शरीराची मागणी. रात्रभर निकोटीन उतरलेलं असतं, ते थोडं दिलं की शरीर गप्प. पण दिवसातल्या बाकीच्या वेळी गोळी तोंडात असूनही खर्रा आठवायचा. गालात निकोटीन आहे, झणझण सुरू आहे, आणि हात खिशाकडं. स्पर्शजन्य तणनाशक मारलं की लव्हाळा वरून जळतो आणि खालच्या गाठीतून पुन्हा फुटतो, तशातला प्रकार. मग तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय टोलफ्री नंबरवर फोन केला, १८००-११-२३५६. हा नंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापतात. खर्र्याच्या पन्नीवर काहीच छापलेलं नसतं, म्हणून आपल्याला तो माहीत नाही. फोनवर मराठी बोलणारा समुपदेशक मिळाला. मला वाटलं, कॅन्सरचं भेव दाखवेल. तो म्हणाला, सुटतो की नाही ते नंतर बघू, आधी तो केव्हा आठवतो ते लिहा. वेळ, सोबत कोण, आणि त्याच्या आधी मनात काय चाललं होतं.

जुन्या बिलबुकाच्या पाठीवर लिहायला घेतलं. पहिल्या पानावरचं तसंच उतरवतो. "सकाळी. ट्रॅक्टरवाला मागची उधारी न देता नवीन युरिया मागतो. राग." "दुपारी. गिऱ्हाईक नाही. लाइन गेली." "चहावर गुरुजी आले. खुशी." "संध्याकाळी. धान तुडतुड्यानं गेलं तो माणूस. काय बोलावं सुचलं नाही."

ही शेवटची नोंद जरा थांबून सांगतो. तुडतुड्याची कीड लागली की बांधीत गोल-गोल चट्टे पडतात, धान वाळल्यासारखं तांबूस होतं. त्या माणसानं माझ्याच दुकानातून औषध नेलं होतं, उशिरा नेलं होतं. मुठीत वाळल्या धानाचा चुडा घेऊन आला, काउंटरवर ठेवला. "सारं जळल्यावाणी झालं जी. कापाले बी काई नाई रायलं." भांडला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो भांडला नाही, नुसता उभा राहिला. आधीचे दिवस असते तर मी पुडी काढून रबर सोडलं असतं, अर्धा खर्रा त्याच्या तळहातावर, अर्धा माझ्या गालात. दोघंही तोंड भरून गप्प राहिलो असतो आणि त्या गप्प राहण्याला कोणी नाव ठेवलं नसतं. इतकी वर्षं मी सांत्वन असंच केलं. बापाच्या तेरवीला आलेल्या माणसांनीही मला असंच केलं होतं.

ही गोळी अर्धी तोडून कोणाला देता येत नाही. त्याला काय म्हणू, थांब, मी माझी गोळी गालात दाबतो? शेवटी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, विमा काढला होता का, कृषी सहायकाला फोन केला का. बोलता बोलता तो बसला. खर्रा मला त्या वेळी प्रचंड आठवत होता आणि ते निकोटीनपायी नव्हतं, कारण गोळी नुकतीच संपली होती. मला त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता, एवढंच.

समुपदेशकाला हे सांगितलं तर त्यानं विचारलं, राग, कंटाळा, खुशी, लाज, या चारही वेळी एकच औषध कसं चालेल? मी रोज शेतकऱ्यांना हेच सांगतो, की करप्याचं औषध खोडकिडीला चालत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र कोणतीही भावना आली की एकच पुडी. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एडवर्ड खँटझियन यांनी १९८५ मध्ये हेच मांडलं होतं की नशा करणारा मौजेपेक्षा न सोसणाऱ्या भावनेवर स्वतःच स्वतःचा इलाज करत असतो. सगळे संशोधक त्यांचं मान्य करत नाहीत. माझं बिलबुक बऱ्यापैकी करतं. फक्त "खुशी" त्यात बसत नाही. गुरुजी आले की गप्पा रंगतात आणि गप्पांबरोबर खर्रा हे इतक्या वर्षांचं गणित, तिथं दुःख-बिख काही नाही.

आणि आवडीचं म्हणाल तर शेवटी-शेवटी खर्रा मला आवडत होता का, सांगता येत नाही. तोंडाची सालं निघाली होती, तिखट लागत नव्हतं. तरी पाहिजे म्हणजे पाहिजे. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज या मेंदू-संशोधकांनी १९९३ मध्ये म्हटलं की मेंदूत आवडणं वेगळं आणि हवंसं वाटणं वेगळं. व्यसनात आवड होती तेवढीच राहते किंवा घटते, आणि हाव वाढत जाते. ठेल्यावरची खसखस कानावर पडली की तोंडाला पाणी सुटतं, ते या हावेचं. पोरीकडे नाशिकला गेलो होतो तेव्हा गोळ्या डबीतच राहिल्या, कारण तिकडं ती खसखसच नाही. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७१ नंतर अभ्यास केला, त्यातही हेच निघालं. तिथं हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर वर्षभरात पुन्हा त्यात सापडलेले पाच टक्क्यांच्या आसपास होते. जागा बदलली, सोबत बदलली, आठवण करून देणाऱ्या गोष्टी गेल्या. आता मी काही दुकान नाशिकला नेऊ शकत नाही. समोरच्या ठेल्याकडं पाठ येईल असा काउंटर फिरवून घेतला, सुताराला चारशे रुपये लागले, आणि गोळ्यांच्या अख्ख्या पाकिटापेक्षा त्या चारशेचा उपयोग जास्त झाला.

भावनेच्या मागोमाग विचार येतो, आणि तो फार शहाण्यासारखा बोलतो. "आज मंडईची जत्रा आहे, वर्षातून एकदा." "एवढं टेन्शन आहे, उद्यापासून." "अर्धाच." अ‍ॅरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यसनावरच्या उपचारात अशा परवानगी देणाऱ्या विचारांना पकडायला शिकवलं. पकडायचं म्हणजे काय, तर ते लिहायचे. बिलबुकात "अर्धाच" असं आपल्याच अक्षरात लिहिलं की आपल्यालाच हसू येतं, कारण अर्धा खर्रा खाऊन उरलेला अर्धा फेकून देणारा माणूस ब्रह्मपुरीपासून वडसापर्यंत कोणी पाहिलेला नाही. "खर्रा खाल्ल्याशिवाय डोकं चालत नाही" हाही असाच एक. डोकं चालत नाही कारण मागच्या पुडीचं निकोटीन उतरलेलं असतं. नवी पुडी ते भरून काढते आणि आपण म्हणतो टेन्शन गेलं. २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यासांचा आढावा आला होता, धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता आणि ताण काही महिन्यांनी कमी झालेला दिसला, वाढलेला नाही. सिगारेटवाल्यांचं आहे, पण निकोटीन तेच.

आमच्या साळ्यानंही माझ्यासोबतच गोळी सुरू केली होती. चांगला चालला होता. दिवाळीनंतर वडसाच्या मंडळीचं नाटक आलं, आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक म्हणजे रात्रभर, पहाटेपर्यंत थंडीत मांडी घालून. मध्यंतराला कोणीतरी पुडी पुढं केली, यानं चिमूटभर घेतली. तेवढ्यावर भागलं असतं. पण सकाळी त्यानं गोळ्यांची उरलेली पट्टी गाईच्या गोठ्यामागं फेकली आणि मला सांगितलं, "आता बिघडलंच भाऊजी, मंग कायले जीव मारू?" एका चिमटीनं शरीराचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते "मी कच्चाच" या विचारानं. अ‍ॅलन मार्लट या मानसशास्त्रज्ञांनी घसरण रोखण्यावर जे काम केलं त्यात या विचाराला मोठी जागा आहे: एकदा घसरणं आणि पुन्हा लागणं यांच्या मधात माणूस स्वतःला काय म्हणतो त्यावर पुढचं ठरतं. माहितीपत्रकात गोळी चुकून गिळली तर काय करावं ते आहे, मध्येच एखादा खर्रा खाल्ला तर काय करावं ते नाही. लिहायला दोन ओळी लागतात: फेकू नका, पुढची गोळी वेळेवर घ्या आणि कुठं, कोणासोबत, काय मनात होतं ते लिहा. साळ्याला दुसरी पट्टी मी आणून दिली. सध्या घेतो आहे. नाटकाला जाऊ नको असं मी म्हणणार नाही, तो पेटी वाजवणाऱ्याचा खास दोस्त आहे. फुटाणे खिशात घेऊन जा म्हटलं.

तर घ्यावी का? घ्यावी, शरीराच्या मागणीसाठी, आणि तेवढ्याचीच अपेक्षा ठेवून. जोडीला फोनवरची मदत घ्या, ती फुकट आहे. तलफ आली की ती काही मिनिटं चढते आणि आपोआप उतरते, एवढा वेळ काढायला गोळी कामाला येते हे खरं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आमच्याकडे बायाही खर्रा खातात, उगाच लपवण्यात अर्थ नाही.

ज्यांचं तोंड पूर्ण उघडत नाही, तीन बोटं उभी आत जात नाहीत, त्यांच्यासाठी ही गोळी नाहीच. ते खर्र्यातल्या सुपारीनं होतं, चघळताना जबडा दुखेल आणि वेळ जाईल तो वेगळाच. त्यांनी आधी दाताच्या डॉक्टरांकडे जावं. बाकीच्यांनी एक लक्षात ठेवा: उन्हाळ्यात पट्टी मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. मे महिन्यात आमच्याकडे ठेवलेली पार चिकटून गेली, पैसे परत मिळत नाहीत.